वहीत नसलेलं पिठलं

मराठीत पाकपुस्तकांची परीक्षणं फारशी येत नाहीत. पुस्तक घरात येतं, ओट्याजवळच्या फळीवर बसतं, त्यावर हळदीचे डाग पडतात, पुठ्ठा सुटतो आणि लेकीच्या किंवा सुनेच्या हाती नवी प्रत जाते. पण त्याची भाषा कशी आहे, मांडणी काय गृहीत धरते, ते कुणाशी बोलतं, हे प्रश्न आपण कथासंग्रहाला विचारतो तसे त्याला विचारत नाही. हा निबंध ते प्रश्न एका मर्यादित हेतूने विचारतो. मला शोधायचं आहे ते रोजचं रात्रीचं जेवण. सणाचं ताट किंवा पाहुण्यांसाठीचा बेत इथे अभिप्रेत नाही. संध्याकाळी सातच्या सुमाराला ‘आज काय करू?’ या प्रश्नाला घराघरांत जे उत्तर मिळतं, ते आपल्या लिखित पाकपरंपरेत कितपत सापडतं, हे मला पाहायचं आहे.

परंपरा जुनी आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातल्या ‘मानसोल्लासा’त अन्न हा राजाच्या अनेक उपभोगांपैकी एक उपभोग म्हणून येतं. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात रघुनाथ नवहस्ताने लिहिलेल्या ‘भोजनकुतूहला’त धान्यं, भाज्या, पदार्थ आणि त्यांचे गुणदोष येतात, तिथली दृष्टी आयुर्वेदाची आहे. छापील मराठी पुस्तक येतं ते १८७५ साली, रामचंद्र सखाराम गुप्ते यांचं ‘सूपशास्त्र’. १९१० मध्ये लक्ष्मीबाई धुरंधर यांचं ‘गृहिणी-मित्र अथवा हजार पाकक्रिया’ प्रसिद्ध झालं, आणि १९७० मध्ये कमलाबाई ओगले यांची ‘रुचिरा’. नावंच पाहिली तरी प्रवास कळतो. राजाचा उपभोग, वैद्याचं कुतूहल, शास्त्र, मग गृहिणीचा मित्र, आणि शेवटी रुची. स्वयंपाक करणाऱ्या बाईला उद्देशून लिहिण्याइतकं पुस्तक खाली उतरायला साडेसातशेहून अधिक वर्षं लागली.

ते उतरलं तरी त्याची अनुक्रमणिका मात्र शास्त्राचीच राहिली. भाताचे प्रकार, पोळ्या, आमट्या, भाज्या, कोशिंबिरी, चटण्या, पक्वान्नं, फराळाचे जिन्नस: आपल्या बहुतेक पाकपुस्तकांची विभागणी साधारण अशीच असते. ही विभागणी पदार्थांच्या जातकुळीवरून केलेली आहे. कोश करावा तशी ती सोयीची आहे. पण रात्रीच्या जेवणाचा विचार या क्रमाने होत नाही. तो सुरू होतो दुपारच्या उरलेल्या वाटीभर भातापासून, कोमेजायला आलेल्या मेथीपासून, ‘उद्या बाजार आहे, आज भागवून घे’ या हिशेबापासून. कोशात शब्द असतात, वाक्यं नसतात. पाकपुस्तकात पदार्थ असतात, जेवणं नसतात. रात्रीचं जेवण हे वाक्य आहे, आणि ते जुळवण्याचं व्याकरण पुस्तकाबाहेर राहिलेलं आहे.

हे व्याकरण निदान हस्तलिखित वह्यांत सापडेल, या अपेक्षेने मी नात्यातल्या तीन वह्या वाचल्या: आईची, मोठ्या मावशीची आणि सासूबाईंची. साधारण साठ ते ऐंशीच्या दशकांतल्या. आईच्या वहीत नानकटाई, बिनअंड्याचा केक, टोमॅटो सॉस आणि पाच किलो कैऱ्यांच्या लोणच्याचं प्रमाण. मावशीकडे चकलीची भाजणी, अनारशाचं पीठ, गोडा मसाला. सासूबाईंकडे छोले, ढोकळा, आईस्क्रीम, आणि प्रत्येक कृतीखाली ती जिच्याकडून घेतली त्या शेजारणीचं नाव. पिठलं कुठेही नाही. आमटी नाही, मुगाची खिचडी नाही, वरणफळं नाहीत. या तिन्ही बायकांनी आयुष्यात सर्वांत जास्त वेळा जे रांधलं, त्याची एक ओळही त्यांच्या वह्यांत नाही.

कारण साधं आहे. हाताला जे येतं ते कुणी लिहून ठेवत नाही. वर्षातून एकदाच होणारं, प्रमाण चुकलं तर फसणारं, किंवा परक्या घरातून आलेलं तेवढंच लिहिलं जातं. अर्जुन अप्पादुराई यांनी १९८८ च्या आपल्या निबंधात, शहरी मध्यमवर्गातल्या बायकांच्या परप्रांतीय शेजारातून आणि इंग्रजी पाकपुस्तकांतून ‘भारतीय जेवण’ कसं आकाराला आलं, याची मांडणी केली आहे. सासूबाईंच्या वहीतले छोले त्या मांडणीत चपखल बसतात. पण माझ्या विषयाला अधिक उपयोगी पडला तो मावशीच्या वहीच्या शेवटच्या पानांवरचा एक पत्राचा कच्चा मसुदा. धाकटा मुलगा भिलाईला नोकरीला लागला, खोली घेऊन राहू लागला, तेव्हाचा. त्यात पहिल्यांदाच वरण-भात, खिचडी आणि पिठलं आलं आहे. भाताला पाणी किती, तर तांदळावर बोट टेकवून पहिल्या पेरापर्यंत. मीठ किती, तर आधी कमी घालून चाखून मग. फोडणी झाली कशी ओळखायची, तर मोहरी तडतडायची थांबली की.

माझा मुद्दा या मसुद्यात आहे. रोजचं जेवण कागदावर येतं ते परंपरा तुटते तेव्हा. शिकवणारी आणि शिकणारा एका घरात असतात तोवर शब्दांची गरज नसते. मध्ये अंतर पडलं की कृती लिहावी लागते. म्हणून छापील किंवा हस्तलिखित, कुठल्याही रोजच्या पदार्थाची कृती वाचताना मी एक प्रश्न विचारते: इथे काय तुटलं होतं?

‘रुचिरा’ या दृष्टीने वाचली की तिच्या यशाचं मर्म कळतं. कमलाबाईंना ‘एक लाख वीस हजार सुनांची सासू’ म्हटलं गेलं. हे विशेषण कौतुकाचं आहे, पण त्यात एक सामाजिक टिपणही दडलेलं आहे. शहरात दोन खोल्यांत नवा संसार मांडणाऱ्या मुलीजवळ सासू नव्हती, आई दूर होती, आणि ती जागा पुस्तकाने घेतली. त्याच वेळी हे विशेषण वाचक ठरवूनही टाकतं. वाचणारी सून असते. मुलगा, जावई किंवा एकटा राहणारा पुरुष नसतो. ‘गृहिणी-मित्र’ हे नावही तेच सांगतं. भिलाईच्या मुलासाठी मावशीला स्वतःच लिहावं लागलं, ते म्हणूनच.

‘रुचिरा’चं खरं वाङ्मयीन धाडस तिच्या मापांत आहे. १९५६ च्या कायद्यानंतर देशात दशमान वजनं-मापं टप्प्याटप्प्याने आली आणि १९६२ पर्यंत बंधनकारक झाली. शेर, तोळे, छटाक बाजारातून गेले, किलो-ग्रॅम आले. घरात तराजू मात्र नव्हता. अशा वेळी कमलाबाईंनी वाटी आणि चमचा प्रमाण मानला. वाटी हे वरवर ढोबळ माप आहे. माझी वाटी तुमच्या वाटीएवढी नसते. पण पाककृतीत महत्त्व असतं ते परस्परप्रमाणाला. एक वाटी पिठाला तीन वाट्या पाणी म्हटलं की वाटी कितीही लहान-मोठी असो, पिठलं जमतं. घरातल्या भांड्यालाच शास्त्राचा दर्जा देणारी ही युक्ती आहे. ‘मूठभर’, ‘चिमूटभर’, ‘लिंबाएवढी चिंच’, ‘सुपारीएवढा गूळ’ ही शरीराची आणि डोळ्यांची मापं एका बाजूला, ग्रॅम दुसऱ्या बाजूला, आणि मध्ये वाटी. तुटलेला धागा जोडायला यापेक्षा चांगली गाठ मला दिसत नाही.

भाषेबाबत मात्र आपली पाकपुस्तकं एका अडचणीत आहेत. ‘कांदा चिरून घ्यावा, तेल तापवावे, फोडणी करावी, पीठ घालावे.’ विध्यर्थाचं हे रूप मराठी पाककृतीची ओळख बनलं आहे. ते सभ्य आहे, कुणाला हुकूम सोडत नाही. पण या वाक्यांना कर्ता नाही. कांदा कुणी चिरावा? तेल तापत असताना रडणारं मूल कुणी उचलावं? ‘करावे’ म्हणताना करणारी व्यक्ती वाक्यातून निघून जाते, आणि तिच्याबरोबर तिचा वेळही जातो. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ मध्ये केलेल्या वेळ-वापर पाहणीनुसार, बिनमोल घरकाम करणाऱ्या बाया त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवतात. जे पुरुष हे काम करतात ते ९७ मिनिटं. ही २९९ मिनिटं पाकपुस्तकात ‘बाजूला ठेवावे’ आणि ‘मुरू द्यावे’ एवढ्यापुरतीच दिसतात.

उदाहरणादाखल पिठल्याचीच कृती पाहू. पुस्तकातलं पिठलं असं असतं: एक वाटी बेसन, तीन वाट्या पाणी, दोन कांदे, चार हिरव्या मिरच्या, लसूण, कोथिंबीर, फोडणीचं साहित्य. घरातलं पिठलं या यादीने सुरू होत नाही. भाकरीबरोबर खायचं असेल तर घट्ट, भातावर घ्यायचं असेल तर पातळ. चार माणसांचा अंदाज धरला आणि पाचवं आलं, तर उकळत्या पिठल्यात वाटीभर गरम पाणी आणि चिमूटभर मीठ जास्त. कांदा नसेल तर लसूण वाढवायचा, लसूण नसेल तर जिरं आणि आमसूल. कोकणात बेसनाऐवजी कुळथाचं पीठ येतं आणि पदार्थाचं नाव पिठी होतं. पाणी आटवत नेलं की तोच पदार्थ झुणक्याच्या वाटेला लागतो. एका पदार्थाचे हे पर्याय यादीत मावत नाहीत, कारण पिठल्याची खरी कृती म्हणजे नसलेल्या वस्तूंशी केलेला समझोता. ‘साहित्य’ हे शीर्षकच भरलेला डबा गृहीत धरतं. रात्रीचं जेवण अनेकदा रिकाम्या डब्याकडे पाहून ठरतं.

पुस्तकी कृतीत क्रियापदंही गळतात. बेसन थंड पाण्यात कालवून फोडणीवर ओतणं ही एक रीत. फोडणीत पाणी घालून, त्याला आधण आलं की एका हाताने कोरडं पीठ वैरत दुसऱ्या हाताने हाटत राहणं ही दुसरी. पहिली सोपी, गुठळ्या न होणारी. दुसरीला सराव लागतो, पण पीठ उकळीतच पडत असल्याने ते शिजतं वेगळं आणि चवही वेगळी येते. पुस्तकांना सोपी रीत सोयीची, त्यामुळे तिथे ‘मिसळावे’ आणि ‘ढवळावे’ ही दोन क्रियापदं सगळी कामं करतात. वैरणं, हाटणं, रटरटू देणं, दणदणून वाफ आणणं ही क्रियापदं गेली की केवळ शब्द जात नाहीत. हाताची एकेक हालचाल ओळखण्याची क्षमता जाते. दुर्गाबाई भागवतांनी ‘खमंग’सारखं पुस्तक लिहिलं तेव्हा पाककृतीला शैली असू शकते हे दिसलं, तो धडा पुढे फारसा गिरवला गेला नाही.

आतापर्यंत मी ‘रोजचं जेवण’ असं एकवचनी बोलत आले. ते मोडायला हवं. आमटीत गोडा मसाला, गूळ आणि आमसूल घालणारं स्वयंपाकघर हे महाराष्ट्रातल्या अनेक स्वयंपाकघरांपैकी एक. ते पुस्तकांत आधी आणि जास्त आलं, म्हणून ‘महाराष्ट्रीय’ ठरलं. पाठारे प्रभू घरातून आलेल्या लक्ष्मीबाई धुरंधरांच्या पुस्तकात १९१० सालीच मांस-मासळीला जागा होती, हे लक्षात घेतलं तर पुढच्या काळात ‘मराठी जेवण’ या शब्दांचा अर्थ किती अरुंद होत गेला ते कळतं. रात्रीचं जेवण आणि त्याची अनिश्चितता वाचायची तर पाकपुस्तक सोडून ‘बलुतं’ (१९७८) आणि ‘उपरा’ (१९८०) यांसारख्या आत्मकथनांकडे जावं लागतं. तिथे अन्न आहे, भूक आहे, मागून आणणं आहे. ‘कृती’ नावाचा रकाना नाही.

हा रकाना पहिल्यांदा ठामपणे उघडला तो शाहू पाटोळे यांच्या ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ (२०१५) या पुस्तकाने. त्याआधी २००९ मध्ये पुणे विद्यापीठाच्या क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले स्त्री अभ्यास केंद्राने, शर्मिला रेगे यांच्या पुढाकाराने, दलितांच्या अन्न-आठवणींवर एक पुस्तिका काढली होती. तिच्या इंग्रजी शीर्षकातच, हे ताट भारतीय नाही का, असा सवाल होता. पाटोळे यांनी मराठवाड्यातल्या महार-मांग समाजांच्या खाद्यपरंपरेवर लिहिताना पाककृती, आठवण आणि सामाजिक टीका एकाच पानावर ठेवली. चान्या, रक्ती हे पदार्थ त्यात येतात, आणि ते तसे का शिजवले जात, कुणाच्या वाट्याला काय येई, हेही येतं. तेल नाही, दूध-तूप नाही, मसाला मोजका: त्यांच्या ‘साहित्या’ची यादी आखूड आहे आणि तो आखूडपणा हाच मजकूर आहे. पाककृतीत कर्ता परत आणण्याचं काम मराठीत या पुस्तकाने केलं, असं माझं मत आहे. एक आक्षेप घेता येईल: अशा कृती वाचून आज किती घरांत रांधलं जाईल? पण हा आक्षेप पाककृतीचा एकच उपयोग धरून चालतो. मावशीचा मसुदा मुलाने शिजवावं म्हणून होता. पाटोळे यांच्या कृती विसरलं जाऊ नये म्हणून आहेत. दोन्हींच्या मागे तुटणं आहे.

आणखी एक तुटणं पाहा. ‘रुचिरा’ आली १९७० मध्ये, आणि दोनच वर्षांनी १९७२ चा दुष्काळ. रेशनवर परदेशातून आलेली लाल मिलो, दुष्काळी कामांवर वाटली जाणारी सुकडी, यांवर लाखो घरांची संध्याकाळ निभावली. ज्या बायकांचे हात पांढऱ्या ज्वारीला सरावले होते त्यांनी मिलोची भाकरी कशी जमवली, त्यात काय मिसळलं, ती कशाशी खाल्ली, हे मी पाहिलेल्या एकाही पाकपुस्तकात नाही. त्या पिढीतल्या अनेकजणी आता नाहीत. महाराष्ट्राच्या अर्ध्या शतकापूर्वीच्या सर्वांत मोठ्या सामूहिक स्वयंपाक-प्रयोगाची नोंद आपण केली नाही.

रोजच्या जेवणाकडे सार्वजनिक लक्ष गेलंच नाही असं नाही. गिरणगावात एकट्या राहणाऱ्या कामगारांना जेवू घालणाऱ्या खाणावळवाल्या बायकांना प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळाच्या रूपाने संघटित केलं. घरातल्यासारखं रात्रीचं जेवण हे मोल असलेलं काम आहे, हे तिथे दिसलं. १९९५ मध्ये राज्य सरकारने एक रुपयात झुणका-भाकर देण्याची योजना आणली. आज सिंहगडावर पिठलं-भाकरी हे फिरायला येणाऱ्यांचं आकर्षण आहे. या तीन ठिकाणी एकच जेवण अनुक्रमे श्रम, राजकारण आणि हौस झालं. हौस झालं की ते ‘अस्सल’ ठरतं, चुलीवरचं ठरतं, आणि चुलीपुढे धूर खाणारी बाई फोटोच्या चौकटीबाहेर जाते. विध्यर्थाच्या वाक्यात जे घडतं तेच इथे चित्रात घडतं.

मग रोजच्या रात्रीच्या जेवणाचं चांगलं पुस्तक कसं असावं? माझ्या मते त्याची अनुक्रमणिका पदार्थांवरून न करता प्रसंगांवरून करावी. ‘दुपारचा भात उरला आहे’, ‘घरात फक्त पीठ आणि कांदा आहे’, ‘अवेळी दोन माणसं आली’, ‘एकाला ताप आहे, बाकीच्यांना भूक आहे’, ‘गॅस संपत आलाय’, ‘स्वयंपाक करणारीच आजारी आहे’ अशी प्रकरणं. शेवटच्या प्रकरणावरून कळेल की पुस्तक कुणासाठी आहे. ते वाचणारा मुलगा असेल, नवरा असेल. प्रत्येक कृतीत ‘हे नसेल तर’ हा रकाना ‘साहित्या’इतकाच मोठा असावा. क्रियापदं त्या त्या भागातली ठेवावीत: कोकणातली पेज, खानदेशातली रात्रीची खिचडी, मराठवाड्यातले शेंगोळे, विदर्भातले कढी-गोळे यांना एका ‘प्रमाण’ कृतीत दाबू नये. कृतीखाली पदार्थ शिजायला लागणारा वेळ देतात, तसाच निवडणं, दळून आणणं, भांडी घासणं यांचाही वेळ द्यावा. आणि कृती सांगणाऱ्या व्यक्तीने ‘मी’ म्हणून बोलावं.

असं पुस्तक एकट्याने लिहिता येणार नाही. ते जमवावं लागेल. आपल्याकडे लोकगीतं, म्हणी, उखाणे जमवण्याची मोठी परंपरा आहे. त्याच रीतीने जिल्ह्याजिल्ह्यांतून रात्रीच्या जेवणाच्या नोंदी गोळा करता येतील. प्रत्येक घरातून महिनाभराची नोंद घ्यावी: तारीख, माणसं किती, घरात काय होतं, काय केलं, काय उरलं, उरलेल्याचं दुसऱ्या दिवशी काय झालं. चव कशी होती हेही लिहावं, पण शेवटी. अशा शंभर घरांच्या नोंदी एकत्र ठेवल्या तर हजार पाकक्रियांच्या पुस्तकाला जे सांगता आलं नाही ते त्या सांगतील. त्या वहीत बहुतेक पानांवर पिठलं असेल, आणि प्रत्येक पानावर ते वेगळं असेल.